मोजे काढून पाहा: मुंबईत शुश्रूषा केंद्र निवडताना आणि निवडल्यानंतर

अंगावरून वारे गेलेल्या किंवा खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्या वृद्ध माणसाच्या डिस्चार्ज कार्डावर सही झाली, की मुंबईतल्या घरात एक हिशेब सुरू होतो. वन रूम किचनमध्ये हॉस्पिटलची कॉट मांडली तर बाकीच्यांनी झोपायचे कुठे, बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर व्हीलचेअर चढवायची कशी, घरकाम-शुश्रूषेला माणसे पुरवणाऱ्या ब्युरोकडून आलेली बाई दोन दिवसांत निघून गेली तर कार्यालयातून रजा कोणी काढायची. या हिशेबातूनच शुश्रूषा केंद्राचा किंवा रिहॅब सेंटरचा पर्याय पुढे येतो आणि तो बहुधा डिस्चार्जच्या आदल्या संध्याकाळी, फोनवर भाव विचारून निवडला जातो. गिरगावातल्या चाळीत राहणाऱ्या माझ्या आत्याच्या बाबतीत आम्हीही तेच केले आणि वर्षभराच्या आत केंद्र बदलण्याची वेळ आली. त्या काळात जे पाहून, विचारून आणि चुकून कळले, ते अशाच घाईत सापडलेल्या कुटुंबांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे क्रमाने लिहिले आहे.

पाटीवरचे नाव आणि आतले काम

पहिला घोटाळा शब्दाचा होतो. मुंबईत ‘नर्सिंग होम’ अशी पाटी दिसली, तर आत बहुधा एखाद्या डॉक्टर दांपत्याचे दहा-पंधरा खाटांचे छोटे रुग्णालय असते, जिथे बाळंतपणे होतात, हर्नियाच्या शस्त्रक्रिया होतात आणि चार दिवसांत रुग्ण घरी जातो. अमेरिकेत हाच शब्द वृद्ध आणि परावलंबी माणसे महिनोन्‌महिने राहतात अशा जागेसाठी वापरतात. तिथले संघराज्य सरकार 2008 पासून या केंद्रांना एक ते पाच तारे देते आणि तारे किती मिळाले हे कोणालाही संकेतस्थळावर पाहता येते. आपल्याकडे असे तारे देणारी यंत्रणा नाही. त्यामुळे ते काम कुटुंबालाच करावे लागते आणि तारे देण्यासाठी काय पाहायचे हे आधी ठाऊक असावे लागते.

मुंबई आणि आसपास प्रत्यक्षात तीन प्रकारच्या जागा आढळतात. रिहॅब सेंटर काही आठवड्यांसाठी असते आणि रुग्णाला पुन्हा उभे करणे हा त्याचा उद्देश असतो. दीर्घकालीन शुश्रूषा केंद्रात अंथरुणाला खिळलेले, नळीने अन्न घेणारे किंवा स्मृतिभ्रंश झालेले रुग्ण राहतात. वृद्धाश्रमात मात्र बहुतेक ठिकाणी स्वतःचे स्वतः उठणारी, हिंडती-फिरती माणसेच घेतात आणि माणूस अंथरुणाला खिळला की ‘आता तुमची सोय बघा’ असे नम्रपणे सांगतात. (बरा होण्यापलीकडे गेलेल्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी वांद्र्याला 1986 पासून शांती आवेदना सदन आहे, ती गरज वेगळी आणि जागाही वेगळी.) दुसऱ्या प्रकारच्या केंद्राने पहिल्या प्रकारचे नाव लावलेले असते, हे येथे मुद्दाम नोंदवतो. कोपऱ्यात एक सायकल, भिंतीला दोन समांतर दांडे आणि एक दोरीची कप्पी असली म्हणजे ते रिहॅब सेंटर होत नाही.

नोंदणीची चौकशी पहिल्या भेटीतच करावी. महाराष्ट्राने 2010 चा केंद्रीय क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट्स कायदा स्वीकारलेला नाही. येथे 1949 चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालतो आणि मुंबईत ही नोंदणी महापालिका करते. नोंदणी प्रमाणपत्राची, म्हणजे फॉर्म सीची मुदत तीन वर्षांची असते. ते मागून घ्यावे, मुदत वाचावी आणि त्यावर लिहिलेल्या खाटांची संख्या तुम्ही फिरताना मोजलेल्या खाटांशी ताडून पाहावी. वीस खाटांच्या परवान्यावर चौतीस रुग्ण दिसले, तर पुढचे प्रश्न विचारण्याची गरज उरत नाही. 2021 मध्ये या कायद्याखालच्या नियमांत सुधारणा होऊन दरांचा फलक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले आहे. ‘आम्ही हॉस्पिटल नाही, होम आहोत, आम्हाला हे लागू नाही’ असे उत्तर मिळाले, तर मग नळी, इंजेक्शने आणि ड्रेसिंग कोणत्या अधिकारात केले जाते, असे शांतपणे विचारावे. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी खास केंद्र असल्याचे सांगणाऱ्यांना 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याखालील नोंदणीविषयीही विचारावे.

कागदांपैकी आणखी एकच, पण तो अजिबात सोडू नये. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीची अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून घ्यावे लागते. मार्च 2021 मध्ये भांडुपच्या मॉलला लागलेल्या आगीचा धूर वरच्या मजल्यावरच्या रुग्णालयात शिरला आणि तेथील रुग्ण दगावले, हे मुंबईकर विसरलेले नाहीत. अंथरुणाला खिळलेला माणूस जिना उतरू शकत नाही. म्हणून केंद्र कितव्या मजल्यावर आहे, दुसरा जिना आहे का आणि त्या जिन्यावर जुन्या गाद्या, ऑक्सिजनचे रिकामे सिलिंडर ठेवले आहेत का, हे स्वतः चढून पाहावे.

लांबच्या स्वस्त जागेचा मोह

बदलापूर, कर्जत किंवा पालघरच्या बाजूला हवा मोकळी असते, अंगणात झाडे असतात आणि महिन्याचा खर्च उपनगरांपेक्षा कमी असतो. फोटो पाहून मन तिकडे ओढ घेते. माझे मत याच्या स्पष्ट विरोधात आहे. केंद्र तुमच्या घरापासून किंवा कार्यालयापासून अशा अंतरावर असावे, की कोणालाही न कळवता, कामावरून परतताना, आठवड्यातून किमान दोनदा तिथे उतरता आले पाहिजे. दीड-दोन तासांचा प्रवास असेल तर भेट फक्त रविवारी होते, ठरावीक वेळी होते आणि रविवारी सकाळी अकरा वाजता रुग्णाला न्हाऊमाखू घालून खुर्चीत बसवलेले असते. पावसाळ्यात कुर्ला-सायनला रुळांवर पाणी भरले, की तेवढीही भेट चुकते. रुग्णाकडे कोणीतरी अवेळी येऊन जाते ही गोष्ट कर्मचाऱ्यांच्या लक्षात राहते, आणि त्या रुग्णाकडे दुर्लक्ष करणे अवघड होऊन बसते. यात कोणाच्या वाईटपणाचा प्रश्न नाही. तीस रुग्णांमागे तीन मावशी, म्हणजे मदतनीस बायका, असल्या, तर ज्याच्याकडे कोणी विचारणारे आहे त्याचे डायपर आधी बदलले जाते, इतकाच साधा व्यवहार आहे.

जवळची केंद्रे महाग असतील, तर मुक्काम कमी ठेवून पुढचा व्यायाम बाह्यरुग्ण म्हणून करता येतो का, हे पाहावे. हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था 1955 पासून आहे, आणि केईएम, सायन, नायर या महापालिका रुग्णालयांत फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीचे विभाग आहेत. तिथे रांग असते, पण शिकवणारे लोक जाणकार असतात आणि खर्च नाममात्र असतो. रुग्णाला टॅक्सीत बसवता येऊ लागले, की हा मार्ग अनेकदा दहा खाटांच्या चकचकीत केंद्रापेक्षा बरा ठरतो.

पाहणीला केव्हा जावे आणि काय पाहावे

व्यवस्थापक तुम्हाला सकाळी अकराची वेळ देतील. ती घ्यावी, चहा प्यावा, दर विचारावेत आणि निर्णय न देता निघावे. दुसऱ्यांदा संध्याकाळी साडेसातच्या सुमारास, न कळवता जावे. मुंबईत मावशींच्या आणि मामांच्या (पुरुष मदतनिसांच्या) बारा तासांच्या पाळ्या बहुतेक ठिकाणी आठला बदलतात आणि केंद्राचे खरे रूप त्याच अर्ध्या तासात दिसते. जाणारी मावशी येणाऱ्या मावशीला खाटेजवळ उभी राहून काही सांगते, की पिशवी उचलून थेट जिना उतरते? रुग्णाने किती खाल्ले, लघवी किती झाली, दुपारी ताप होता का, हे कुठे लिहिलेले असते? येणारी मावशी खरोखर येते, की दिवसभर काम केलेलीच ‘डबल ड्युटी’ म्हणून रात्रीही थांबते? हा शेवटचा प्रश्न मावशींनाच, आणि तोही सहज विचारावा. त्या खरे सांगतात. सलग चोवीस तास जागलेल्या बाईने रात्री तीन वाजता ऐंशी किलोचा रुग्ण कुशीवर वळवावा, अशी अपेक्षाच गैर आहे.

रात्रीच्या कर्मचाऱ्यांची संख्या स्वतंत्रपणे विचारावी, कारण सांगितला जाणारा आकडा सहसा दोन्ही पाळ्यांची बेरीज असतो. किती रुग्णांमागे एक मदतनीस, हे तर विचारावेच, शिवाय रात्री प्रशिक्षित परिचारिका जागी असते का, हेही विचारावे. पांढरा किंवा निळा कोट घातलेल्या प्रत्येकीला ‘सिस्टर’ म्हणण्याची आपली रीत आहे, पण परिचारिकांचा जीएनएमचा (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) अभ्यासक्रम तीन वर्षांचा, एएनएमचा (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) दोन वर्षांचा, आणि दोन्हींची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असते. सहा महिने मावशींचे काम करून इंजेक्शन द्यायला शिकलेली मुलगी कष्टाळू आणि प्रेमळ असू शकते. तरीही साखर उतरून बेशुद्ध होऊ लागलेल्या रुग्णाला ओळखण्याचे प्रशिक्षण तिला मिळालेले नसते.

वासावरूनही बरेच कळते. लघवीचा थोडा वास अशा ठिकाणी येणारच. डायपर बदलण्याची वेळ असेल तर तो यावाच. सगळीकडे एकसारखा दाट फिनाइलचा वास येत असेल तर मात्र मला शंका येते. त्यापेक्षा पाण्याचा पेला पाहावा. खाटेजवळच्या कपाटावर भरलेला पेला असतो, पण रुग्णाचा चालणारा हात तिथपर्यंत पोहोचतो का? आत्याचा उजवा हात लुळा पडला होता आणि पेला नेहमी उजवीकडे ठेवलेला असे. दिवसभर तो भरलेलाच राही आणि तक्त्यावर ‘पाणी घेण्यास नकार’ अशी नोंद होई. बेल वाजवून घड्याळ पाहावे. जेवणाच्या वेळी थांबून भरवण्याची गती पाहावी. पक्षाघाताच्या रुग्णाला घोट गिळायला वेळ लागतो आणि पाच मिनिटांत वाटी संपवली तर खिमटीचा काही भाग श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

व्यायाम झाला म्हणजे काय झाले

पक्षाघातानंतर सर्वांत वेगाने सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते. पुढेही ती होत राहते, पण चढ मंदावतो. त्यामुळे रिहॅबसाठी ठेवलेल्या रुग्णाचा एक महिना वाया जाणे हे दीर्घ शुश्रूषेतल्या दुर्लक्षाइतकेच गंभीर आहे, आणि ते अजिबात दिसून येत नाही. रुग्ण खाटेवर झोपलेला आहे, फिजिओथेरपिस्ट येतो, हात-पाय दहा मिनिटे वर-खाली करतो आणि वहीत ‘फिजिओ झाला’ असे लिहून पुढच्या खोलीत जातो. सांधे आखडू नयेत यासाठी याचा उपयोग आहे, पण यातून कोणी चालायला लागत नाही. रुग्ण स्वतः किती हालचाल करतो, खाटेवरून खुर्चीत आणि खुर्चीतून उभे राहण्याचा सराव दिवसातून कितीदा होतो, कपडे घालणे, चमचा धरणे, संडासात जाणे या गोष्टी ऑक्युपेशनल थेरपिस्ट शिकवतो का, आणि बोलणे किंवा गिळणे बिघडले असेल तर स्पीच थेरपिस्ट प्रत्यक्ष येतो का, हे विचारावे.

पहिल्या आठवड्यात बार्थेल निर्देशांक काढून मागावा. खाणे, आंघोळ, चालणे, लघवी-शौचावरचा ताबा अशा दहा गोष्टींवर मिळून 0 ते 100 गुण देणारी ही साधी मोजणी आहे आणि ती करायला काही मिनिटे पुरतात. दर दोन आठवड्यांनी ती पुन्हा करून कागदावर घ्यावी. ‘छान प्रगती आहे’ या वाक्यापेक्षा 25 वरून 40 वर गेलेला आकडा अधिक खरा असतो. आणि तो दोनदा हललाच नाही, तर उपचार बदलायचे की रुग्णाला घरी न्यायचे, याचा विचार करता येतो. एक गोष्ट कुटुंबानेही पाळावी आणि मावशींनाही सांगावी: लुळा पडलेला हात धरून रुग्णाला कधीही वर ओढू नये. त्या खांद्याचे स्नायू सैल झालेले असतात, सांधा निसटतो आणि त्यानंतरच्या दुखण्याने रुग्ण व्यायामच नाकारू लागतो.

भेटीत रुग्णाचे अंग पाहावे

आत्याला केंद्रात ठेवून सहा आठवडे झाले होते. दर भेटीला ती नीटनेटकी दिसे: विंचरलेली वेणी, धुतलेला गाऊन, कपाळावर टिकलीसुद्धा. पायांत लोकरीचे मोजे होते. ‘थंडी वाजते म्हणतात आजी,’ असे मावशी म्हणाल्या. मे महिना होता आणि पंख्याखाली बसूनही माझा सदरा पाठीला चिकटला होता. मी डावा मोजा काढला, पाय ठीक होता. उजवा काढू लागलो तेव्हा तो टाचेपाशी अडला. ओलसर कापड सोडवून पाहिले तर टाचेवर रुपयाच्या नाण्याएवढा काळा, कातड्यासारखा टणक डाग होता आणि त्याभोवती लालसर, गरम कडा होती. त्या बाजूची संवेदना गेलेली असल्याने आत्याला दुखत नव्हते आणि दुखत नसल्याने तिने कोणाला सांगितलेही नव्हते. तक्त्यावर मात्र दर दोन तासांनी कूस बदलल्याच्या सह्या होत्या. मी घड्याळात पाहिले, दुपारचे सव्वातीन वाजले होते. सह्या रात्री दहापर्यंतच्या होत्या, एकाच शाईत, एकाच वळणाच्या.

तेव्हापासून भेटीचा क्रम ठरून गेला, आणि तो कोणीही पाळू शकते. गप्पा मारत मारत दोन्ही मोजे काढावेत आणि टाचा, घोटे पाहावेत. मग मावशींच्या मदतीने कुशीवर वळवून माकडहाड आणि खुबे पाहावेत. कोपर, डोक्याची मागची बाजू आणि ऑक्सिजनची नळी असेल तर कानामागची जागा पाहावी. लाल दिसणाऱ्या जागेवर बोट दाबून उचलावे. ती क्षणभर पांढरी होऊन पुन्हा लाल झाली तर रक्तप्रवाह चालू आहे, पण दाबल्यावरही लालच राहिली तर ती बेडसोअरची, म्हणजे सतत दाब राहून होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून तिथे आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा गडद लागणारी जागा शोधावी. या पायरीवर दाब काढला तर काही दिवसांत ती भरून येते. कातडी फुटल्यावर महिने लागतात. टाचेवरची कोरडी, घट्ट, काळी खपली ओढून काढू नये. ती सर्जनला दाखवावी आणि पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवावी.

एअर बेड, म्हणजे पंपाने हवा भरणारी गादी, आहे म्हणून निश्चिंत राहू नये. पंपाचा दिवा लागलेला आहे का, प्लग मोबाइल चार्ज करण्यासाठी काढून ठेवलेला नाही ना, हे पाहावे. एअर बेड चालू असला तरी कूस बदलावीच लागते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णासाठी दोन तासांचा नियम सर्वसाधारणपणे सांगितला जातो आणि कोणाला किती वेळाने वळवायचे हे डॉक्टरांनी केस पेपरवर लिहून द्यावे, असा आग्रह धरावा.

तोंड उघडून पाहणे लोकांना संकोचाचे वाटते, पण कोरडी, भेगाळलेली जीभ आणि टाळूवरचा पांढरा थर पाणी आणि तोंडाची स्वच्छता या दोन्हींविषयी एका नजरेत सांगतो. नाकातून राइल्स ट्यूब, म्हणजे पोटात अन्न पोहोचवणारी नळी, असेल तर भरवताना आणि त्यानंतर किमान अर्धा तास डोक्याकडची बाजू 30 ते 45 अंशांनी उचललेली असावी. लघवीची पिशवी मूत्राशयापेक्षा खाली, पण जमिनीला न टेकणारी असावी. ती खाटेच्या कठड्यावर वर अडकवलेली दिसली तर लगेच खाली घ्यावी, कारण लघवी उलटी जाऊन जंतुसंसर्ग होतो. वजन महिन्यातून एकदा काट्यावर व्हावे. अंदाजे नव्हे. उभे राहता येत नसेल तर व्हीलचेअरसह वजन करून खुर्चीचे वजन वजा करावे.

रुग्ण दुपारी चार वाजताही गुंगीत असेल, दोन-तीन भेटींत तसेच दिसले, तर औषधांचा तक्ता मागावा. ‘रात्री फार आरडाओरडा करतात’ म्हणून झोपेचे किंवा वात शांत करणारे औषध वाढवले जाते, आणि ते कोणत्या डॉक्टरने, कोणत्या तारखेला, किती दिवसांसाठी लिहिले हे कधी कधी कोणालाच सांगता येत नाही. अशा औषधाने रुग्ण पडतो, घास घशात अडकतो, व्यायाम बुडतो. हात बांधण्याविषयीही असेच. नळी उपसून काढणाऱ्या रुग्णाला थोडा वेळ हातमोजा घालणे वेगळे आणि मनगटे कठड्याला बांधून ठेवणे वेगळे; दुसरे दिसले तर कारण, वेळ आणि डॉक्टरांचा लेखी आदेश मागावा. औषधे तुम्ही आणून देत असाल तर पाकिटावर तारीख घालावी आणि पुढच्या भेटीत गोळ्या मोजाव्यात. रोज एक घ्यायच्या दहा गोळ्यांच्या पट्टीत बाराव्या दिवशी तीन उरल्या असतील, तर गणित कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

करारनामा, पैसे आणि विमा

मासिक दरात काय येत नाही, याची यादी लिहून घ्यावी: डायपर, हातमोजे, ड्रेसिंगचे सामान, ऑक्सिजन, एअर बेडचे भाडे, फिजिओ, डॉक्टरांची भेट, रुग्णवाहिका. बाहेर राहणारे हे खर्च धरले की सांगितलेला दर बराच फुगतो. रुग्ण मध्येच आठ दिवस रुग्णालयात दाखल झाला तर खाटेचे पैसे लागतात का, तातडीच्या वेळी कोणत्या रुग्णालयात नेणार आणि ते कोण ठरवणार, रुग्ण दगावला किंवा बाहेर नेला तर डिपॉझिट किती दिवसांत परत मिळणार, हे प्रश्न सही करण्यापूर्वीचे आहेत. नंतर ते विचारण्याची मनःस्थिती नसते.

आरोग्यविमा हा खर्च उचलेल, अशा भरवशावर राहू नये. विमा नियामकाने ठरवलेल्या प्रमाणित वगळणुकींमध्ये विश्रांती, पुनर्वसन आणि तात्पुरती शुश्रूषा यांची एक स्वतंत्र वगळणूकच आहे. मात्र रुग्णालयातून सुटल्यानंतरच्या 60 किंवा 90 दिवसांचा संबंधित खर्च अनेक पॉलिसी देतात. त्या काळातील औषधे, तपासण्या आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या फिजिओथेरपीची बिले वेगळी, नावासह आणि तारखेसह घ्यावीत. विमा नसलेल्या ज्येष्ठाच्या वैद्यकीय खर्चावर प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत 80डी कलमाखाली 50,000 रुपयांपर्यंत वजावट मिळू शकते, पण रोखीने दिलेले पैसे त्यात धरत नाहीत.

काही बिनसले तर

खाटेजवळ एक शंभर पानी वही ठेवावी आणि भेटीला येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाने तारीख, वेळ, त्वचा, वजन, खाणे याविषयी दोन ओळी लिहाव्यात. फोटो फक्त आपल्या रुग्णाचा काढावा. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचीही अब्रू असते. तक्रार मावशींवर ओरडून करू नये. त्यांचा पगार कापला जातो, त्या निघून जातात आणि त्यांच्या जागी आलेल्या नव्या बाईला रुग्णाविषयी काहीच माहीत नसते. मेट्रन (मुख्य परिचारिका) किंवा वैद्यकीय संचालकांना लेखी, तारखेसह, नेमके काय आढळले आणि नेमके काय हवे ते कळवावे. ‘काळजी नीट घेत नाही’ या वाक्याला उत्तर देता येत नाही. ‘उजव्या टाचेवर जखम आढळली, सर्जनची भेट उद्यापर्यंत आणि कूस बदलण्याचा तक्ता रोज पाहायला मिळावा’ याला द्यावे लागते.

केस पेपरच्या प्रती मागण्याचा हक्क रुग्णाला आहे. वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार डॉक्टरांनी त्या मागणीनंतर 72 तासांत द्यायच्या असतात. दाद मिळाली नाही तर केंद्र ज्या वॉर्डात येते तिथल्या महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करता येते. पैशांच्या आणि सेवेतील त्रुटीच्या वादासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे आणि भरलेली रक्कम 50 लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. ज्येष्ठ नागरिकांसाठीची एल्डरलाइन 14567 मार्गदर्शन करते. मारहाण, उपासमार किंवा डांबून ठेवल्याचा संशय असेल तर यातले काही न करता 112 फिरवावा.

तक्रार केली तर रुग्णावर राग काढतील, ही भीती जवळजवळ प्रत्येक कुटुंबाला असते आणि ती निराधार म्हणता येत नाही. पर्यायी जागा आधी पाहून ठेवली, तर त्या भीतीची धार जाते. आम्हीही टाचेची जखम दिसल्यावर पहिल्या तीन दिवसांत भांडलो नाही. दुसरी दोन केंद्रे पाहिली, एक ठरवले आणि मगच पत्र दिले. जागा बदलताना औषधांचा चालू तक्ता, शेवटच्या तपासण्या, बार्थेलचे आकडे आणि अंगावरच्या जखमांची लेखी नोंद जुन्या केंद्राकडून घ्यावी, आणि नव्या केंद्राने रुग्ण घेताना तीच नोंद स्वतः पुन्हा करावी, अशी विनंती करावी. आम्हाला ती करावी लागली नाही. आत्याला स्ट्रेचरवरून खाटेवर घेताच तिथल्या सिस्टरनी पडदा ओढला, काही न विचारता दोन्ही मोजे काढले, कागदी मोजपट्टी टाचेला लावली, ‘अडीच बाय दोन सेंटिमीटर’ असे मोठ्याने म्हणून लिहिले आणि त्याखाली माझी सही मागितली.